डावा चार

बुधवारी संध्याकाळी आम्ही बाजार करून कोलशेत रोडने घरी येत होतो. मी चालवत होतो, दीप्ती शेजारी, मागच्या सीटवर मेथीची जुडी पिशवीतून बाहेर आलेली. बंद पडलेल्या केमिकल कंपनीची भिंत जिथे संपते तिथे रस्ता खाडीच्या अंगाला वळतो. दीप्ती सवयीने पुटपुटली, "डावा चार." मी गाडी वळवली. पुढे सिग्नल लागला, सोसायटीच्या वॉचमनने हात केला, पार्किंगमध्ये गाडी लावली, सगळं रोजच्यासारखं. लिफ्टमध्ये सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी माझ्या लक्षात आलं की ते वळण चार नाही. ते पाच आहे. सहा वर्षांपूर्वी इथे राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी मी त्याला पाच म्हटलं होतं, आणि दीप्ती आकडा विसरत नाही. ती डोंबिवलीच्या एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवते. आमच्या पहिल्या गाडीचा इंजिन नंबर तिला अजून पाठ आहे. अशी बाई पाचाचा चार करते तेव्हा ती चुकलेली नसते. मी तिच्याकडे बघितलं. ती लिफ्टच्या आरशात केस सारखे करत होती.

नवराबायको रस्त्यातल्या वळणांना आकडे देत फिरतात हे कोणालाही खुळेपणाचं वाटेल, म्हणून सांगतो. मी रॅलीचा ड्रायव्हर आहे आणि दीप्ती माझी नॅव्हिगेटर. रॅली साध्या रस्त्यांवर होते, घाटात, मळ्यांत, जंगलात, आणि तो रस्ता कोणाला पाठ नसतो. शर्यतीच्या आधी सावकाश गाडीने एकदा-दोनदा बघू देतात. तेव्हा ड्रायव्हर प्रत्येक वळणाला आकडा देतो आणि शेजारी बसलेला नॅव्हिगेटर तो वहीत लिहून घेतो. एक म्हणजे गाडी जवळपास थांबवून वळवायचं वळण, सहा म्हणजे पाय न उचलता जायचं. शर्यतीच्या दिवशी तीच वही वाचायची. धूळ असते, झाडी असते, पुढचं काही दिसत नसतं. हेल्मेटमध्ये आवाज येतो, "उजवा सहा, ऐंशी मीटर, डावा पाच," आणि त्या आवाजाच्या भरवशावर आपण गाडी झोकून देतो. बाकीचे इंग्रजीत वाचतात. आम्ही मराठीत, कारण घाबरलेल्या माणसाला आपलीच भाषा पटकन कळते असं दीप्तीचं म्हणणं. आकडा ड्रायव्हरचा असतो. नॅव्हिगेटरने त्याला हात लावायचा नाही. या धंद्यात बाकी सगळ्याला माफी आहे, याला नाही.

मी चहा घेतला, टीव्हीसमोर बसलो आणि आठवायला लागलो. आकडा कधीपासून बदलला असेल? कोलशेतचं वळण ही घरातली गंमत. पण घरातल्या गमतीत जीभ चारावर जाते, तर मळ्यातल्या रस्त्यांवर ती कुठे कुठे गेली असेल? गेल्या दोन वर्षांत डावी वळणं मला सोपी वाटायला लागली होती. वळणाच्या तोंडाशी गेलं की ते अपेक्षेपेक्षा रुंद निघायचं, गाडी आरामात जायची. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो. चाळिशी उलटल्यावर हात बसला म्हणायचो. आणि त्याच दोन वर्षांत मी सिद्धेशकडून एकदा अकरा सेकंदांनी हरलो, एकदा नऊ. सिद्धेश आमच्याच टीमची दुसरी गाडी चालवतो, चोवीस वर्षांचा आहे. तरी यंदा मी दोन गुणांनी पुढे होतो. पुढच्या आठवड्यात चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत शेवटची रॅली. ती मारली की राष्ट्रीय अजिंक्यपद, पंचवीस वर्षांतलं पहिलं. टीमचा मालक गुरुदत्त मंगळवारीच म्हणाला होता, "राज, शनिवारपर्यंत नावं कळव. आणि एक सांगू का, राग मानू नकोस. सौमित्र रिकामा आहे. फास्ट वाचतो. बायकोबरोबर घर चालव, गाडी त्याच्याबरोबर चालव." मी त्याला चार शब्द सुनावले होते. बुधवारी रात्री जेवताना मला ते चार शब्द परत घ्यावेसे वाटत होते.

संशय माझ्या अंगात मुरलेला आहे हे मी नाकारत नाही. घोडबंदरकडे एका बंद कारखान्याच्या आवारात गो-कार्ट चालायच्या, तिथे सुरुवात केली. मग चेन्नईच्या ट्रॅकवर एकसीटी गाड्या चालवल्या, उघड्या चाकांच्या, चार वर्षं. मग छपराच्या गाड्या. एक सीझन ट्रकच्या शर्यतीतही काढला. पाच टनांचा ट्रक वळणावर घालताना पोटातलं सगळं एका बाजूला जातं. राजस्थानच्या वाळूतही दोनदा जाऊन आलो. प्रत्येक ठिकाणी नवीन माणसं, आणि प्रत्येक ठिकाणी मी खाली वाकून टायरची हवा स्वतः बघायचो. मेकॅनिक मागे हसायचे. ज्याचे वडील खोपटच्या एसटी डेपोत, ज्याच्या मागे ना कारखाना ना आडनाव, त्याला चांगलं इंजिन शेवटी मिळतं आणि आधी परत मागतात, हे मी पहिल्या वर्षीच शिकलो. ट्रॅकवर माणूस एकटा असतो, ते मला मानवायचं. रॅलीत आलो तेव्हा एकच अडचण होती, शेजारी कोणीतरी बसणार. तीन नॅव्हिगेटर मी घालवले. एकाचा आवाज कापायचा, एक पान चुकायचा, एकावर उगाचच विश्वास बसला नाही. चौथी दीप्ती. तिच्यावर बसला, म्हणून तर लग्न केलं.

पहिल्या रॅलीतलं तिचं बोट मला आठवतं. नजर समोर रस्त्यावर असायची, पण डोळ्याच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, तिच्या मांडीवर उघडी वही आणि वहीवर सरकणारं बोट दिसायचं. दिसायचं म्हणजे कळायचं. एक ओळ संपली की बोट खाली उतरायचं, आणि मला बरं वाटायचं, आवाजाला एक साक्षीदार आहे असं. ते बोट आता दिसत नाही. हे आठवलं आणि घास हातातच राहिला. किती दिवस झाले? वर्ष? दीड वर्ष? आताशा ती वही माझ्या नजरेआड धरते. दाराच्या बाजूला, वळवून. का धरते, ते आता सरळ होतं. खोडलेलं दिसू नये म्हणून. समोर दीप्ती मेथीची भाजी वाढत होती. ताट तिने माझ्या उजव्या हाताला सरकवलं आणि स्वतःही उजवीकडे येऊन बसली. पूर्वी समोर बसायची. डोळ्यांत डोळे घालायला नको म्हणून असेल, असं मी त्याचंही नोंदवून ठेवलं.

गुरुवारी ती क्लासला गेल्यावर मी दिवाण उचकला. वह्या तिने वर्षं टाकून, रबरबँड लावून ठेवल्या होत्या. वही पेन्सिलीने लिहितात, शाई घामात पसरते म्हणून, त्यामुळे खोडायला सोपं. पण पेन्सिल टेकवून लिहिणाऱ्या बाईचा आकडा कागदात दबून राहतो. मी एकेक पान खिडकीशी तिरपं धरलं. पंधराव्या पानावर सापडला. चाराच्या पोटात पाच. मग विसाव्यावर, तिनाखाली चार. मग सापडतच गेले. तीन वह्यांत सत्तेचाळीस. मी चार वाजेपर्यंत खिडकीशी उभा होतो, पाय भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर मला एक प्रकारचं समाधान वाटत होतं. संशय खरा ठरला की माणसाला वाईट वाटायच्या आधी बरं वाटतं. वाईट नंतर वाटलं. सत्तेचाळीस वेळा तिने रबर हातात घेतलं होतं. हॉटेलच्या खोलीत, मी अंघोळीला गेल्यावर, किंवा शेजारीच पडलो असताना. मग शर्यतीच्या दिवशी तोच आवाज, न कापणारा, "डावा चार," आणि मी बैलासारखा त्या आवाजामागे.

वह्या परत ठेवताना मला दुसरी गोष्ट दिसली. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस वळणं डावी होती. उजव्या वळणाला तिने एकदाही हात लावला नव्हता. घाबरट बाईने दोन्हीकडचे आकडे कमी केले असते. मी दिवाणावर बसून विचार केला आणि मला कारण सापडलं, आणि ते इतकं हलकं होतं की माझी मलाच लाज वाटली, पण सोडवेना. नॅव्हिगेटर डावीकडे बसतो. डाव्या वळणावर आतली बाजू त्याची. दरड, दगड, कॉफीच्या मळ्याचे खांब, सगळं त्याच्या दारापासून वीतभर. ती तिची बाजू सांभाळत होती. गाडीचं डावं दार दोन वर्षांत तीनदा बदललं होतं, डावे आरसे किती गेले त्याला गणती नाही. गुरुदत्त एकदा म्हणालाही होता, "डावीकडचे आरसे तू खातोस का रे?" म्हणजे ती घाबरली होती, आणि घाबरले असं तोंडाने सांगायच्या ऐवजी माझे सेकंद चोरत होती. मला त्या क्षणी ती आवडेनाशी झाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी तिचा फोन टेबलावर वाजला. स्क्रीनवर 'बाबा' असं नाव. माझे बाबा. तिने फोन उचलला, गॅलरीत गेली, दार लोटून घेतलं. मी काचेतून बघत होतो. ती फार बोलत नव्हती, मान हलवत होती. आत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणतायत?"

"काही नाही. गुडघा दुखतोय म्हणत होते."

"गुडघ्याचं मला नाही सांगत ते."

"तू फोन उचलतोस का त्यांचा?" ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने आतूनच म्हणाली, "डोळ्याच्या डॉक्टरची वेळ परत घेऊ का रे? तू दोनदा चुकवलीस." ही तिची दुसरी खोड. मी म्हातारा होतोय हे मला ती असं डॉक्टरमार्फत सांगते. एकदा मी सरळ गेलोच नाही. दुसऱ्यांदा नवरात्र होतं, टेंभी नाक्याला मांडव पडलेला, रस्ता बंद, मी तिथूनच परत फिरलो आणि मनातून देवीचे आभार मानले. दरवर्षी रॅलीच्या लायसनसाठी मेडिकल होते. मी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचतो. माझ्या डोळ्यांत काही नाही.

शुक्रवारी मी गुरुदत्तला मेसेज लिहिला, 'नॅव्हिगेटर सौमित्र', आणि पाठवला नाही. आधी मला त्या दोघांचं काय शिजतंय ते बाबांच्या तोंडून काढायचं होतं.

शनिवारी दीप्ती सकाळच्या बॅचला डोंबिवलीला गेली आणि मी कल्याणला निघालो. बाळकूम, कशेळीचा पूल, भिवंडीचा बायपास, कोन. दुर्गाडीच्या पुलाच्या अलीकडे एक रिक्षा डावीकडून अचानक अंगावर उगवली, मी करकचून ब्रेक मारला, रिक्षावाला थांबून आईवरून बोलला. मीही बोललो. हल्ली हे लोक डावीकडून कुठूनही येतात. पत्रीपूल ओलांडून कल्याण पूर्वेला बाबांच्या गल्लीत पोचेपर्यंत मी मनात त्याच्याशी भांडत होतो, आणि पंचवीस वर्षं गाड्या फेकणाऱ्या माणसाला एका रिक्षाने दचकवावं याचा मला आणखी राग आला.

बाबांचं नाव दगडू, पण डेपोत त्यांना कोणी नावाने हाक मारली नाही, सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणायचे. म्हणजे मी दहा वर्षांचा होईपर्यंत म्हणायचे. एसटीत पंचवीस वर्षं अपघात न करता गाडी चालवली की छातीवर लावायला बिल्ला मिळतो, सत्कार होतो. बाबांची चोवीस झाली होती. एक दिवस ते घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून खोपटच्या डेपोतच, टायरच्या खोलीत, लोकांची सह्या करायची वही सांभाळत बसले. परत चाकाला हात लावला नाही. आईने विचारलं, रडली, बाबा बोलले नाहीत. शाळेत एक पोरगा मला म्हणाला होता, तुझ्या बापाने माणूस मारलाय, साहेबाने दाबलं. मी त्याला मारलं, पण विश्वासही त्याच्यावरच ठेवला. एकतीस वर्षं. बाबांना मी ते कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते खरं बोलले असते, आणि मला ते नको होतं. मी वेगाच्या मागे लागलो त्यातही थोडंफार हेच असेल. हळू चालवून, सांभाळून, शेवटी जर टायरच्या खोलीतच बसायचं असेल, तर मग हळू कशाला.

"जयभीम बाबा," मी चपला काढत म्हटलं.

"जयभीम. बस. आज वाट चुकलास?" ते स्वतः चहा ठेवायला उठले. आई गेल्यापासून सगळं स्वतःच करतात. मी खुर्चीत बसलो. त्यांनी माझ्यासमोरच्या टीपॉयवर कप ठेवले, खारी ठेवली, स्वतः पलंगावर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी उजव्या हाताने कप उचलला. खारी घ्यायला डावा हात पुढे केला आणि काहीतरी कलंडलं. गरम चहा माझ्या मांडीवर, लादीवर.

"हा दुसरा कप इथे कुणी ठेवला?" मी ओरडलोच.

"मी ठेवला," बाबा शांतपणे म्हणाले. "तुझ्या समोर ठेवला. तू माझ्या हाताकडे बघत होतास."

मी फडकं शोधायला लागलो. त्यांनी मला बसवलं. मला वाटलं, हा डाव आहे, दोघांनी मिळून रचलेला. मी म्हटलं, "दीप्तीने सांगितलं ना तुम्हाला हे करायला?"

"तिने नाय. मी तिला सांगितलं. जयंतीला आलेलास तेव्हा दोनदा ग्लास पाडलास, एकदा शेजारचं पोर डावीकडून आलं त्याला धडकलास. मी तिला विचारलं, गाडी कशी चालवतो हा? ती रडायला लागली." बाबा लादी पुसत होते, माझ्याकडे न बघता बोलत होते. "माझी नजरपण डावीकडूनच गेलेली. कसारा घाट. मधु कंडक्टर पुढे दारापाशी तिकिटं फाडत होता. घंटी मारली त्याने. एक."

एसटीत दोन घंट्या म्हणजे चल, एक म्हणजे थांब. आमच्या घरीसुद्धा तेच चालायचं. आई वाढत असली की बाबा चमच्याने ग्लासवर दोनदा वाजवायचे, अजून वाढ. एकदा वाजवलं की पुरे.

"मधे स्टॉप नाय, काय नाय. पण घंटी वाजली तर ड्रायव्हरने विचारायचं नसतं. मी ब्रेक मारला. खाली उतरून बघतो तर गाडीच्या डाव्या अंगाला सायकलवाला. मागे बायको बसलेली त्याची. हे एवढं अंतर. मला दिसलेच नव्हते रे. अंधार नाय, काय नाय, भर दुपारी. दुसऱ्या दिवशी साहेबाला जाऊन सांगितलं, मला चाक नको."

"पण झालं काहीच नव्हतं. कोणाला कळलंही नसतं."

"मधुला कळलेलं," बाबा म्हणाले.

"आईला का नाही सांगितलं?"

"ती बोलली असती, एक वर्ष काढा, बिल्ला घ्या. आणि मी काढलं असतं." त्यांनी फडकं पिळलं. "आपल्या घरातलं आहे हे. माझ्या बापाचंपण गेलेलं. डॉक्टर बोलले, कडेकडेने जातं, माणसाला कळत नाय. समोरचं सगळं दिसतं ना."

एकतीस वर्षं ज्या माणसाने कोणालातरी मारलंय असं धरून चाललो तो माझ्या पायाशी बसून लादी पुसत होता. मला त्यांचा हात धरायचा होता. मी धरला नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. मी फक्त म्हटलं, "राहू द्या, मी पुसतो," आणि त्यांनी पुसू दिलं नाही. तरी मनात संशय नोंदवणारा जुना कारकून गप्प बसेना. कप त्यांनी मुद्दाम कडेला ठेवला असेल. म्हातारी माणसं स्वतःचं दुखणं दुसऱ्यात बघतात. दीप्तीला रॅली सोडायचीच आहे, तिला आयतं कारण मिळालं.

दीप्ती अर्ध्या तासाने आली. बाबांनी बोलावलं असणार. रिक्षातून उतरली, खांद्याला क्लासची पिशवी, बोटांना खडू. लादी ओली बघून तिला सगळं कळलं असावं, कारण ती दारातच थांबली. मी म्हटलं, "खाली चल. गाडीत."

गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, समोर इस्त्रीवाल्याची टपरी, वर स्वच्छ ऊन. मी स्टिअरिंगमागे बसलो, ती डाव्या सीटवर. दार लावलं. मी म्हटलं, "वही आहे?"

तिने पिशवीतून एक वही काढली. मुलांच्या टेस्टची होती.

"धर. गाडीत धरतेस तशी."

"राज, काय करायचंय तुला?"

"धर फक्त."

मी समोर बघत राहिलो. इस्त्रीवाला शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होता, ते थेंबसुद्धा दिसत होते. मी नजर हलवली नाही. डोळ्याच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, मी शोधत होतो. काळं नव्हतं तिथे. काळं असतं तर कळलं असतं. तिथे काहीच नव्हतं, आणि ते काहीच नाही इतकं सवयीचं होतं की त्याला कड नव्हती, पोकळी नव्हती. जसं आपल्या पाठीमागे काही नसतं तसं.

"लपवू नकोस. मांडीवर धर," मी म्हटलं.

"मांडीवरच आहे."

"बोट?"

"बोट ओळीवर आहे, राज."

मी मान वळवली. वही तिच्या मांडीवर उघडी होती, माझ्या बाजूला झुकलेली, नऊ वर्षांपूर्वी असायची तशीच. बोट तिसऱ्या ओळीवर होतं. ती वही कधीच लपवत नव्हती. मी परत समोर बघितलं आणि वही, बोट, हात, बायको सगळं गेलं. पुन्हा मान वळवली, सगळं आलं. असं मी तीन-चारदा केलं असेल. तिने मला करू दिलं.

मी विचारलं, "सत्तेचाळीस?"

"एकावन्न. चार वेळा अख्खं पानच नवीन लिहिलं, ते खोडलेलं दिसणार नाही." गणिताच्या बाईने हिशेब चोख दिला. "डावं वळण आलं की तू आत जास्त कापायचास. दरड तुला दिसायचीच नाही. पहिल्यांदा दार गेलं तेव्हा मला वाटलं चुकलास. दुसऱ्यांदा मी बघत बसले. तू दगडाकडे बघत नव्हतास, दगडातून बघत होतास."

"मग सांगायचं ना मला. दोन वर्षं, दीप्ती. तोंड नव्हतं तुला?"

"डॉक्टरकडे चल म्हणाले किती वेळा. तू म्हणालास, मला म्हातारा ठरवतेस." तिने वही मिटली. "सरळ सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, मला माहितीये. तुझा माझ्यावरचा भरवसा उडाला असता. तू नॅव्हिगेटर बदलला असतास. आणि दुसऱ्याने पाच वाचले असते."

मी स्टिअरिंगला धरून बसलो. दुसऱ्याने पाच वाचले असते. खिशातल्या फोनमध्ये सौमित्रचं नाव लिहून तयार होतं. फक्त बोट टेकवायचं बाकी होतं. पुढच्या शुक्रवारी मळ्यातल्या पहिल्याच डाव्या वळणावर तो मला पाच वाचणार होता, मीच सांगितलेला, बिनचूक, पटापट. आणि माझ्या डावीकडे, जिथे काही नसतं, तिथे तो बसलेला असणार होता. त्याला एक लहान मुलगी आहे. मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. स्वतःची नव्हे. आणि त्याच्या पाठोपाठ, लाज वाटावी इतक्या जोरात, अजिंक्यपद आठवलं. दोन गुण. एक रॅली. फक्त एक. एक वर्ष काढा, बिल्ला घ्या. बाबा म्हणाले होते, मी काढलं असतं. मीही काढलं असतं, दीप्ती. तू नुसतं हो म्हण, तू चार वाच, मी चारने चालवतो, कोणाला कळणार आहे. हे सगळं माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. तिने ते ऐकलं असावं. नऊ वर्षं ती माझा श्वास हेल्मेटमधून ऐकते आहे.

तिने बोट वाकवून डॅशबोर्डवर वाजवलं. एकदाच.

मी फोन काढला. सौमित्रचं नाव खोडलं. गुरुदत्तला लिहिलं, 'नॅव्हिगेटर दीप्तीच. ड्रायव्हर दुसरा बघ. फोन करतो.' आणि पाठवून दिलं. दीप्तीने वाकून वाचलं.

"मला विचारलंस?"

"तू मला विचारलं होतंस?"

ती हसली नाही, पण नाक पुसलं. मग म्हणाली, "सोमवारी डॉक्टर. टेंभी नाक्याला आता मांडव नाहीये."

मी उतरलो, गाडीला वळसा घातला. वर गॅलरीत बाबा उभे होते. मी हात केला, त्यांनीही केला, चहाचं फडकं अजून त्यांच्या हातात होतं. दीप्ती आतूनच सरकून स्टिअरिंगमागे गेली, सीट पुढे ओढली, आरसे स्वतःला हवे तसे करून घेतले. मी तिच्या जागी बसलो. सीट अजून गरम होती. नऊ वर्षांत मी या बाजूला एकदाही बसलो नव्हतो, आणि पत्रीपूल येईपर्यंत माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. ती सावकाश चालवत होती, सगळ्यांना पुढे जाऊ देत होती. कोन, भिवंडी, कशेळी. पूर्वी याच चालवण्याला मी नावं ठेवली असती. बाळकूम मागे पडलं, कोलशेत रोडला लागलो, केमिकल कंपनीची लांब भिंत सुरू झाली.

भिंत संपत आली तसं मी म्हटलं, "डावा चार."

तिने गिअर उतरवला. माझी नजर समोर, रस्त्यावर होती, मी मान जराही वळवली नव्हती. तरी उजव्या कोपऱ्यात तिचा गिअरवरचा हात दिसत होता, बोटांवरचा खडू, मनगटावरचं घड्याळ, आणि वळणाबरोबर कलणारा खांदा. ती तिथे होती आणि मला दिसत होती.